घरी राक्षस येतोय, तयारी काय कराल?

चार-पाच वर्षांचं मूल एक दिवस जाहीर करतं, "माझ्या वाढदिवसाला राक्षस पाहिजेत." आईवडील बाजारात जाऊन हिरवे-जांभळे फुगे बघू लागतात, आजी म्हणते, "शुभ दिवशी हे काय भलतंच," आणि शेजारची आई फोन करून विचारते, "आमचं पिल्लू अंधाराला घाबरतं, पाठवू की नको?" गेल्या काही वर्षांत पालकांशी बोलताना हेच तीन-चार प्रश्न पुन्हा पुन्हा कानावर आले. म्हणून ते एकत्र घेऊन लिहीत आहे.

माझ्या भाचीच्या तिसऱ्या वाढदिवसाला आम्ही मोठी चूक केली. घरातलेच एक काका मुखवटा चढवून अचानक दारातून आत आले. बारापैकी सात मुलं रडली, दोघं पलंगाखाली शिरली. भाची त्या रात्री झोपली नाही आणि पुढचे दोन महिने ती त्या काकांच्या मांडीवर गेली नाही. काकांचा हेतू चांगला होता, मुखवटाही काही फार भयंकर नव्हता. मुलांना न सांगता तो आला, एवढंच घडलं होतं. खाली जे काही सुचवलं आहे, त्यामागे तो दिवस आहे.

आधी हे बघा: हौस कोणाची?

मूल स्वतः राक्षस मागत असेल तर पुढे जा. फोटो छान येतील म्हणून तुम्ही ठरवत असाल, तर आठ दिवस थांबा आणि मुलाला राक्षसांची चित्रं काढायला सांगा. "तुझा राक्षस काय खातो? कुठे झोपतो? त्याला कोण रागावतं?" असे प्रश्न विचारा. उत्तरं खिदळत येत असतील तर मूल तयार आहे. ते गप्प होत असेल, विषय बदलत असेल, रात्री दिवा चालू ठेवायला सांगत असेल, तर या वर्षी प्राणी घ्या, आगगाडी घ्या. राक्षस पुढच्या वर्षीही येईल.

वयाप्रमाणे राक्षस

- दोन ते तीन वर्षं: मुखवटा, मोठा आवाज, वेशातलं माणूस, तिन्ही टाळा. या वयात ओळखीचा चेहरा झाकला गेला की आत आपलीच आई आहे हे मुलाला पटत नाही. मोठे डोळे लावलेला उशीएवढा मऊ राक्षस पुरे.
- चार ते पाच वर्षं: सगळ्यात गोड वय, आणि सगळ्यात जपायचंही. मुलं स्वतः राक्षस होतात, गुरगुरतात, पण समोरून कोणी गुरगुरलं की खेळ कुठे संपतो ते त्यांना कळत नाही. गुरगुरायचा हक्क फक्त मुलांना ठेवा.
- सहा ते आठ वर्षं: थोडा थरार चालतो. शोधाचा खेळ, गोष्ट, सावल्यांचा खेळ घ्या. खोली पूर्ण काळोखी करू नका.

पाहुणे मिश्र वयाचे असतील, म्हणजे मोठ्यांबरोबर धाकटी भावंडंही येणार असतील, तर सगळ्यात लहान मुलाच्या वयाचा नियम सगळ्यांना लावा.

आजीचा आक्षेप

तो झटकून टाकू नका. वाढदिवसाला औक्षण, नवे कपडे, गोडाधोडाचं जेवण हे त्यांच्या मनात पक्कं असतं, आणि त्यात राक्षस कुठे बसवायचा हे त्यांना कळत नाही. दिवसाचे दोन भाग करा. सकाळी औक्षण, देवाला नमस्कार, घरच्यांबरोबर जेवण. राक्षस संध्याकाळी पाच वाजता.

शिवाय आपल्याकडचे राक्षस घरातल्या मोठ्यांना तुमच्यापेक्षा जास्त माहीत असतात. हिडिंबेचा मुलगा घटोत्कच हा आईचं ऐकणारा, पांडवांच्या हाकेला धावणारा राक्षस. एकचक्रा नगरीतला गाडाभर अन्न खाणारा बकासुर आणि झोपाळू कुंभकर्ण तर मुलांना ऐकताक्षणी आवडतात. गोष्ट सांगायचं काम आजी-आजोबांकडे द्या. दहा मिनिटांची गोष्ट, शेवट आधी ठरवलेला, कोणाचंही डोकं न उडवता. आक्षेप घेणारी आजीच मग त्या संध्याकाळची सूत्रधार होते, हे मी दोन घरांत पाहिलं आहे.

कोकणातली माणसं घरात असतील तर संकासुराबद्दल विचारा. दशावतारात वेद पळवणारा हा असुर काळ्या वेशात येतो, मालवणीत बोलतो आणि प्रेक्षकांना हसवतो. शिमग्याच्या खेळांतही तो असतो. गोव्यात नरकचतुर्दशीच्या आदल्या रात्री नरकासुराच्या भल्याथोरल्या प्रतिमा उभ्या राहतात आणि पहाटे जाळल्या जातात. जव्हार-मोखाड्याच्या बोहाड्यात देवांबरोबर दैत्यांचेही मुखवटे नाचतात. राक्षस ही बाहेरून आणलेली टूम आहे असं कोणी म्हणालं, तर एवढं सांगितलं तरी चालेल.

आमंत्रणात काय लिहाल

व्हॉट्सॲपवर रंगीत कार्ड पाठवाच, पण खाली साध्या शब्दांत या गोष्टी कळवा:

- राक्षस प्रेमळ आहेत; कोणीही अचानक दचकवणार नाही.
- वेश करून यायची सक्ती नाही. साध्या कपड्यांतलं मूलही राक्षस मानलं जाईल.
- वेळ सुरू होण्याची आणि संपण्याची, दोन्ही. लहान मुलांना दोन तास पुरतात.
- पालकांनी थांबायचं की मुलाला सोडून जायचं. पाच वर्षांखाली एका मोठ्या माणसाने थांबावं, असं स्पष्ट लिहा.
- "आपल्या मुलाला शेंगदाणे, दूध, अंडं किंवा आणखी कशाची ॲलर्जी आहे का? कशाची भीती वाटते का?" हे दोन प्रश्न. उत्तर आलं नाही तर फोन करून विचारा.

मुलांची संख्या हा नाजूक विषय आहे. सगळा वर्ग बोलवायचा मोह होतो, पण पाच वर्षांच्या मुलाला सात-आठ सवंगड्यांपलीकडे कोणी दिसत नाही. कोणाला वगळल्याचं वाईट वाटेल अशी धाकधूक असेल तर शाळेत खाऊ वाटा आणि घरी मोजकीच मुलं बोलवा.

मुखवट्याचा नियम

या लेखातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा: मुखवटा मुलांच्या समोर चढवायचा आणि मुलांच्या समोर उतरवायचा. आधी दादा साध्या कपड्यांत येईल, मुलांशी बोलेल, मुलं त्याला शेपूट बांधतील, शिंगं लावतील, आणि मग तो राक्षस होईल. मुलांनी "बस" म्हटलं की शिंगं खाली.

रत्नाकर मतकरींच्या 'अलबत्त्या गलबत्त्या'तली चेटकीण आठवा. 2018 मध्ये नव्या संचात वैभव मांगले यांनी ती केली, त्याआधी दिलीप प्रभावळकरांनी. पोरं तिला घाबरतात आणि तरी तिच्यावर जीव टाकतात. रंगमंच आणि खुर्ची यांच्यात अंतर असतं, शेजारी आईचा हात असतो, म्हणून ते जमतं. तुमच्या दहा बाय बाराच्या हॉलमध्ये ते अंतर नाही. ते तुम्हाला नियमाने निर्माण करावं लागतं.

चेहरा रंगवायचा असेल तर:

- त्वचेसाठी बनवलेले, पाण्याने धुतले जाणारे रंगच वापरा. चित्रकलेचे ॲक्रिलिक किंवा तैलरंग चेहऱ्यावर कधीही नकोत.
- आदल्या दिवशी हाताच्या आतल्या बाजूला ठिपका लावून पाहा. पाहुण्या मुलांच्या बाबतीत पालकांना विचारल्याशिवाय ब्रश उचलू नका.
- डोळ्यांच्या आणि ओठांच्या अगदी जवळ रंग नको. चमकी तर नकोच.
- चेहरा काळा करून "राक्षस" बनवू नका. हिरवा, जांभळा, केशरी ठिपक्यांचा करा. वर्गातली एखादी सावळी मुलगी ते बघत असते आणि तिच्या मनात ते राहतं. त्याच कारणाने कोणत्याही मुलाच्या अंगलटीवरून, दातांवरून त्याला राक्षसाची भूमिका देऊ नका. भूमिका चिठ्ठ्या टाकून ठरवा.

खेळ: चार पुरेत

राक्षस घडवा. येताक्षणी मुलांना या कामाला बसवा, म्हणजे उशिरा येणारी मुलंही सामावतात. पुठ्ठ्याची खोकी, रद्दी, जुने मोजे, लोकर, घोटीव कागद, डिंक एवढं सामान. डोळे कागदाचेच कापा. खरी बटणं आणि मणी लहान मुलांच्या तोंडात जातात. प्रत्येक मुलाचा एक राक्षस तयार झाला पाहिजे.

बकासुराचा गाडा. मोठ्या खोक्याला जबडा कापा. कागदाचे बोळे म्हणजे लाडू. ते जबड्यात टाकायचे. गुण मोजू नका. सगळ्यांनी मिळून बकासुराचं पोट भरायचं. स्पर्धा लावली की चार वर्षांच्या घोळक्यात दोन रडारडी हमखास होतात.

कुंभकर्ण. एक मूल झोपतं, बाकीची चवड्यांवर येऊन त्याच्या उशाशी ठेवलेला कागदी लाडू पळवतात. त्याने डोळे उघडले की सगळ्यांनी जागच्या जागी थिजायचं. दंगा वाढला की हा खेळ काढा, खोली आपोआप शांत होते.

राक्षसाचं बारसं. हे शेवटी. ओढणीचा पाळणा करा, दोन मोठ्यांनी टोकं धरा. प्रत्येक मूल आपला राक्षस पाळण्यात ठेवतं, त्याच्या कानात कुर्र करतं आणि नाव जाहीर करतं. आत्याचा मान वाढदिवसाच्या मुलाकडे. ढब्बूराक्षस, लोणचंभूत, काहीही नावं येतात. ज्याला स्वतः नाव दिलं, त्याची भीती फारशी उरत नाही, हे मुलांकडे बघून तुमच्याही लक्षात येईल.

खाऊ भरलेला मोठा फुगा फोडायची पद्धत मात्र या वयात टाळावी असं माझं स्पष्ट मत आहे. दणका मोठा होतो, खाऊवर झुंबड उडते, आणि फाटलेल्या रबराचे तुकडे जमिनीवर पसरतात. खाऊ बकासुराच्या पोटातून एकेकाला काढू द्या.

पार्श्वभूमीला चित्रपट लावणार असाल तर आधी स्वतः बघा. 'झपाटलेला'तला तात्या विंचू तुम्हाला 1993 पासून लाडका असेल. चार वर्षांच्या मुलासाठी तो नाही. 'मॉन्स्टर्स इन्क' या 2001 च्या चित्रपटात राक्षसच मुलांना घाबरतात आणि किंकाळीपेक्षा हसण्यात जास्त ताकद निघते, म्हणून मोठ्या गटाला तो चालतो. पण खरं सांगायचं तर, मुलं जमलेली असताना पडदा बंदच बरा.

ताटात काय

नाव बदललं की तोच पदार्थ राक्षसी होतो. शेवयांचा उपमा म्हणजे राक्षसाचे केस. पालकाच्या हिरव्या पुऱ्या म्हणजे कान. कोथिंबीर वडी ही त्याची खडबडीत पाठ, सफरचंदाच्या फोडी दात, सोलकढी किंवा कोकम सरबत राक्षसाचं गुलाबी औषध. तिखट बेताचं ठेवा. रंगासाठी बीट, पालक, हळद, गाजर पुरतात. गडद निळं आणि काळं क्रीम असलेला केक फोटोत छान दिसतो, पण जीभ, दात आणि सोफा तिन्ही रंगतात. तो रंग फक्त डोळ्यांच्या बाहुल्यांपुरता सांगा.

केक घरगुती बेकरकडून घेत असाल तर त्यांचा एफएसएसएआय नोंदणी क्रमांक विचारा. तो 14 अंकी असतो. घरून व्यवसाय करणाऱ्यालाही ही नोंदणी लागते, त्यामुळे विचारण्यात अविश्वास नाही. केकवर प्लास्टिकचे डोळे, तारा, टूथपिक असतील तर कापण्याआधी मोजून काढा.

घशात अडकणाऱ्या वस्तूंबद्दल:

- अख्खी द्राक्षं, अख्खे शेंगदाणे, पॉपकॉर्न, गोल टणक गोळ्या चार-पाच वर्षांखाली देऊ नका. द्राक्षं उभी चिरून चार तुकडे करा.
- मुलांनी बसूनच खायचं. राक्षस जेवताना धावत नाहीत, असा नियम खेळातच सांगून टाका.
- मुलाच्या घशात काही अडकलं आणि ते खोकत असेल तर खोकू द्या. खोकता, रडता येत नसेल तर पुढे वाकवून दोन खांद्यांमध्ये पाच जोरकस थापा द्या. तरी निघालं नाही तर, मूल एक वर्षावरचं असल्यास, मागून बेंबीच्या वर मूठ ठेवून पाच वेळा आत-वर दाबा, आणि हे आलटून पालटून चालू ठेवा. दिसत नसलेली वस्तू बोटाने चाचपू नका. दुसऱ्या माणसाने त्याच क्षणी 108 किंवा 112 ला फोन लावावा.

सजावटीतले धोके

- धूर. राक्षसी वातावरणासाठी ड्राय आइस सुचवला जातो. तो उणे 78.5 अंश सेल्सिअस इतका थंड असतो, हाताला लागला तर जखम होते, तोंडात गेला तर जिवावर बेतू शकतं, आणि बंद खोलीत त्याचा कार्बन डायऑक्साइड खाली, म्हणजे मुलांच्या उंचीवर, साठतो. घरी नको.
- फेसाचे फवारे आणि मेणबत्त्या. वाढदिवसाला अंगावर उडवतात त्या फवाऱ्यांतला वायू पेट घेऊ शकतो. केकवर फुलबाजी जळत असताना फवारा मारणं म्हणजे आगीला आमंत्रण. लोकरीचे केस आणि नायलॉनचे झगे घातलेली मुलं तर मेणबत्तीपासून हातभर लांबच हवीत. दोहोंतलं एक निवडा. मी मेणबत्ती निवडेन.
- गॅसचे फुगे. हेलियम महाग पडतो म्हणून काही विक्रेते हायड्रोजन भरतात, आणि तो ज्वलनशील आहे. कोणता गॅस आहे हे विक्रेत्याला ठामपणे सांगता येत नसेल तर फुगे घेऊ नका. पंपाने हवा भरलेले फुगे छताला दोऱ्याने टांगले तरी तेवढेच शोभतात. फुटलेल्या फुग्याचा तुकडा लगेच उचला.
- लुकलुकणाऱ्या वस्तू. दिव्यांची शिंगं, चमकणाऱ्या अंगठ्या यांत चपट्या गोल बॅटऱ्या असतात. मुलाने ती गिळली तर दोन तासांतही अन्ननलिका भाजून निघू शकते. बॅटरीचं झाकण स्क्रूने बंद होत नसेल अशी वस्तू आणू नका. गिळल्याचा संशय जरी आला तरी उलटी न करवता थेट रुग्णालय गाठा.
- प्लास्टिक आणि थर्माकोल. 1 जुलै 2022 पासून देशभर फुग्यांच्या प्लास्टिक काड्या, सजावटीचं थर्माकोल, प्लास्टिकची ताटं, पेले, चमचे, स्ट्रॉ यांवर बंदी आहे. सजावटवाल्याला हे आधीच सांगा. पुठ्ठा आणि कागद राक्षसाला जास्त शोभतात.

जिना, लिफ्टसमोरची जागा, बाहेर पडायची वाट सजावटीने अडवू नका. सोसायटीचा हॉल घेत असाल तर भाडं, अनामत रक्कम, ती परत मिळण्याच्या अटी आणि सफाईची जबाबदारी सेक्रेटरींकडून लेखी घ्या. उघड्यावर ध्वनिवर्धक रात्री 10 ते सकाळी 6 बंद, हा नियम आहेच. पण लहान मुलांसाठी संध्याकाळीही आवाज बेताचाच हवा.

वेशधारी कलाकार बोलवत असाल तर

बोलावण्याआधी फोनवर चार गोष्टी पक्क्या करा: तो आधी चेहरा दाखवेल, मुलांच्या मागे धावणार नाही, कोणालाही न विचारता उचलून घेणार नाही, आणि पंधरा-वीस मिनिटांत आटोपेल. तो कोणत्याही मुलाबरोबर एकटा राहणार नाही याची खबरदारी तुमची. आणि त्या माणसाचाही विचार करा. जाड कापडाच्या आत प्रचंड उकडतं. त्याला पंखा, पाणी आणि वेश उतरवायला खोली द्या.

आयोजक असो, केकवाला असो की सजावटवाला, पैसे दिले की तुम्ही ग्राहक आहात:

- काय, किती वाजता, किती रकमेत, हे लेखी घ्या. मेसेजही चालतो. आगाऊ रकमेची पावती आणि रद्द केल्यास किती परत, हे त्यातच यावं.
- ठरलेली सेवा दिली नाही तर ग्राहक संरक्षण कायदा, 2019 नुसार ती सेवेतील त्रुटी ठरू शकते. फोटो, मेसेज, पावत्या जपून ठेवा. आधी लेखी तक्रार विक्रेत्याकडे करा.
- दाद मिळाली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915. त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोग. मोबदल्याची रक्कम 5 लाखांपर्यंत असेल तर तिथे शुल्क लागत नाही. तक्रार दोन वर्षांच्या आत करायची असते.

रिटर्न गिफ्ट म्हणून खेळणी घेत असाल तर त्यावर आयएसआय चिन्ह बघा. 14 वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना ते 1 जानेवारी 2021 पासून सक्तीचं आहे. पण मुलांनी घडवलेला राक्षस हीच भेट असेल तर वेगळी पिशवी लागतही नाही.

दुसऱ्यांच्या मुलांचे फोटो समाजमाध्यमांवर टाकण्याआधी त्यांच्या आईवडिलांना विचारा. रडणाऱ्या मुलाचा व्हिडिओ तर कोणालाही पाठवू नका.

कोणी घाबरलंच तर

एवढं करूनही एखादं मूल घाबरेल. "एवढा मोठा झालास आणि घाबरतोस?" असं कोणालाही म्हणू देऊ नका. "राक्षस खोटा असतो" हे वाक्यही त्या क्षणी उपयोगाचं नसतं, कारण भीती खरी असते. एक खोली सजावटीविना, नेहमीच्या उजेडात ठेवा. तिथे गोष्टींची दोन पुस्तकं, पाणी आणि एक शांत मोठं माणूस असू दे. मुलाला तिथे बसवा, "तुला दिसलं ना काहीतरी? मला सांग," एवढंच म्हणा. ते स्वतःहून दारातून डोकावेल तेव्हा त्याला एक काम द्या: राक्षसाला पाणी पाजायचं, किंवा त्याची शेपूट घट्ट बांधायची. काम मिळालेलं मूल सहसा परत आत येतं. नाही आलं तर त्याच्या राक्षसाचं बारसं त्या खोलीतच करा.

घरी जाताना प्रत्येक मुलाच्या हातात त्याचा राक्षस आणि गळ्यात त्याच्या नावाची चिठ्ठी द्या. पालकांना दारात एक वाक्य सांगा: आज रात्री जेवत नाही म्हणून, झोपत नाही म्हणून या राक्षसाचा धाक दाखवू नका; त्याला मुलाच्या उशाशी झोपू द्या.